विद्यापीठात नवीन रुजू झाल्यावर संशोधनासाठी मेंटॉर कसा शोधावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वनस्पतिशास्त्रात पीएचडी पुण्यात झाली, आता लांबच्या जिल्ह्यातल्या राज्य विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालात. विभागात तुमच्या विषयाचं कोणी नाही आणि विभागप्रमुख म्हणतायत, "माझ्याबरोबरच करा काम, मीच तुमचा मेंटॉर." हो म्हणावं का?

सरांशी संबंध छान ठेवा, जमेल तिथे एकत्र कामही करा. पण मेंटॉर विभागाबाहेरचा शोधा. तुमची रजा, वर्कलोड, कॅसची (म्हणजे बढतीच्या योजनेची) फाइल ज्यांच्या टेबलावरून जाते, त्यांच्यासमोर बसून "सर, मला हे स्टॅटिस्टिक्स कळत नाही" असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणि ते म्हणता आलं नाही, तर त्या मेंटॉरचा उपयोग तो काय? मी राज्य विद्यापीठातच रसायनशास्त्र शिकवते. नव्या मुलामुलींचं पहिल्या दोन-तीन वर्षांत काय होतं ते जवळून बघते. नियमाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, त्यावर नॅक या मूल्यांकन संस्थेसाठीचे तक्ते, प्रवेश समिती, परीक्षेची कामं. आणि 'तुम्ही तरुण आहात' म्हणून वेबसाइटही तुमच्याच गळ्यात. संशोधनाचं घोंगडं भिजत पडतं ते असं.

मेंटॉर म्हणजे तुमचा मसुदा लाल पेन घेऊन वाचणारा माणूस. बाकीचे सगळे हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे. मागे एका नव्या सहकाऱ्याचं प्रपोजल माझ्याकडे वाचायला आलं. उद्दिष्टं सात आणि पद्धती फक्त चारांच्या लिहिलेल्या. बजेटमध्ये नवीन एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) मागितलेलं; विभागात एक एचपीएलसी होतंच, फक्त एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, संपल्यामुळे कव्हर घालून पडलेलं. आम्ही पाच उद्दिष्टं खोडली, यंत्राच्या जागी कॉलम, सॉल्व्हंट आणि दुरुस्तीचा खर्च लिहिला, आणि एनएमआरचे (रेणूची रचना तपासायचे) नमुने आयआयटी मुंबईच्या सैफ या सामायिक उपकरण केंद्रात पाठवायचे ठरवून त्याचं शुल्क वेगळ्या ओळीत दाखवलं. एका दुपारचं काम. पण हे नव्या शिक्षकांच्या कुठल्या इंडक्शन प्रोग्रॅममध्ये कोणी सांगत नाही. तिथे महिनाभर बसून सर्टिफिकेट मिळतं. कॅसला ते लागतं, तेव्हा तेही कराच.

पेपरवर कोणाचं नाव कुठे, हे पहिल्याच भेटीत बोलून घ्या. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत दोनपेक्षा जास्त लेखक असले की प्रथम किंवा करस्पाँडिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला पेपरचे ७० टक्के गुण आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे कल्पना तुमची, काम तुमचं आणि 'करस्पाँडिंग' मात्र मोठे सर, असं दोन-चारदा झालं की प्रमोशनच्या वेळी हिशेब टोचतो. ज्याला हा विषय काढलेला आवडत नाही तो मेंटॉर नव्हे, हिस्सेदार.

एकटं पडण्याचा हा त्रास काही आजचा नाही. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम केंब्रिजहून १९५१ मध्ये लाहोरला शिकवायला परतले, तर कॉलेजात त्यांच्याकडे फुटबॉल संघाची जबाबदारी आली. आसपास आपल्या विषयावर बोलायला कोणी नाही, म्हणून १९५४ मध्ये ते परत केंब्रिजला गेले. पुढे १९६४ मध्ये त्यांनी इटलीत त्रिएस्तेला आयसीटीपी ही सैद्धांतिक भौतिकशास्त्राची संस्था उभी केली. तिथल्या असोसिएटशिपमागचा विचार सरळ होता: माणसाने नोकरी आपल्या देशातच करावी, पण अधूनमधून येऊन काही आठवडे जाणत्यांत बसावं. पुण्यात जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र सुरू केल्यावर तिथेही विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी असोसिएट योजना आली. खगोलशास्त्र शिकवणाऱ्या कितीतरी लोकांचं संशोधन त्यावर टिकलं.

तुमच्या विषयाला आयुका नाही, पण याच धर्तीची 'टेअर' नावाची योजना आहे. आधी ती एसईआरबी या केंद्र सरकारच्या संशोधन-निधी मंडळाची होती, आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे आली. राज्य विद्यापीठातला किंवा कॉलेजातला शिक्षक, नोकरी न सोडता, आयआयटी, आयसर किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या मेंटॉरकडे ३ वर्षं अर्धवेळ काम करतो. वर्षाला ५ लाखांचं संशोधन अनुदान, ते दोन्ही संस्थांत निम्मं-निम्मं, आणि तुम्हाला पगाराशिवाय वर्षाला ६० हजार. यात मेंटॉरचं नाव अर्जातच असतं, त्यामुळे नातं कागदावर येतं आणि सुट्टीत तिकडे जायला विभागाची कुरकुर कमी होते. अर्ज कधी मागवतात त्यावर लक्ष ठेवा. त्याच एएनआरएफचं अर्ली करिअर अनुदान ३ वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत आहे, पण तिथे स्पर्धा भयंकर. आधी छोटं मिळवा, त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कुठे खर्च झाले त्याचा दाखला) वेळेवर द्या. पुढचं मागताना तोंड वर करून मागता येतं.

पीएचडीच्या गाइडचं काय, हेही तुम्ही विचारलंय. फोन करत राहा, पण नवा विषय त्यांच्या विषयापासून एक पाऊल तरी बाजूला काढा. निवड समितीला तुमचे सगळे पेपर गाइडबरोबरचेच दिसले तर ती विचारणारच, की यात तुमचं काय? तुम्हाला स्वतःला पीएचडीचे विद्यार्थी घ्यायचे असतील तर यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीअर रिव्ह्यूड जर्नलमध्ये किमान ३ पेपर हवेत, आणि सहायक प्राध्यापकाला एका वेळी ४ विद्यार्थी घेता येतात. पहिल्या वर्षी चारही जागा भरू नका. एक घ्या.

आता मेल कसा लिहायचा. "सर, मला मार्गदर्शन करा" या मेलला उत्तर येत नाही; कामात असलेल्या माणसाने त्यावर करायचं काय? एक पानाचा सारांश जोडा आणि एकच प्रश्न विचारा: ही नमुने गोळा करण्याची पद्धत या अधिवासाला चालेल का? दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, नाही तर पुढच्या नावाकडे वळा. भीड भिकेची बहीण असते, हे प्राध्यापकांनाही लागू. निवृत्त प्राध्यापक मात्र विसरू नका. त्यांच्याकडे वेळ असतो, तुमच्या पेपरवर नाव टाकून त्यांना काही मिळवायचं नसतं. फक्त जर्नल कुठलं निवडावं हे त्यांना विचारू नका, तो बाजार त्यांच्या काळानंतर पार बदललाय.

कोणाला गाठायचं याची निवड करताना शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्या व्यक्तीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा आणि ऋणनिर्देशाचं पान वाचा. गाइडने काय केलं हे विद्यार्थी तिथे नेमकं लिहितात, की नुसतंच 'प्रेरणास्थान' म्हणतात, यावरून बरंच कळतं. तुमचं काम वर्गीकरणशास्त्रातलं असेल तर पुण्यातल्या बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या) पश्चिम विभागाच्या आणि आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात चार दिवस बसायची परवानगी आधी मागा. नमुन्यांच्या कपाटांपाशी जी माणसं भेटतात त्यांना मेल लिहावा लागत नाही. तुमचा नमुना बघायला तीच टेबलाशी येतात.