घोरणं, मास्क आणि पावसाळ्यातली वीज: वाचकांचे प्रश्न

स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, त्यासाठी लागणाऱ्या श्वासाच्या मशीनविषयी किनारपट्टीवरून आलेली पत्रं या वेळी घेतली आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

रत्नागिरी: बाबांचं वय ५८. झोपेच्या तपासणीत एएचआय ३४ आला. दुकानदार साधं सीपॅप, ऑटो सीपॅप आणि बायपॅप अशी तीन मशीनं दाखवतो. जास्त किमतीचं बायपॅपच घेऊन टाकावं का? शेजारी कोविडच्या वेळचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहे, त्यावर भागणार नाही का?

आधी कॉन्सन्ट्रेटरचं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, घसा मिटतो आणि हवा आत जात नाही. दार बंद असताना बाहेर कितीही चांगला माल आणून ठेवला तरी घरात येणार कसा? ऑक्सिजनने घसा उघडत नाही, त्याला आतून हवेच्या दाबाचा आधार लागतो. सीपॅप एवढंच करतं. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे.

एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा फार उथळ झाला त्याचा आकडा. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला तर मोजतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. म्हणजे बाबांना मशीन लागणार, यात फार विचार करण्यासारखं नाही.

साधं सीपॅप रात्रभर एकच दाब देतं. ऑटो सीपॅप घशाच्या अडथळ्याप्रमाणे दाब कमीजास्त करतं. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देतं. ज्यांना फार जास्त दाब लागतो, ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, काही फुफ्फुसाचे रुग्ण, अशांसाठी ते आहे. ती सीपॅपची वरची आवृत्ती नव्हे, वेगळ्या कामाचं मशीन आहे. डॉक्टरांनी लिहून दिलं नसेल तर घेऊ नका. बहुतेकांना ऑटो सोयीचं पडतं. पण हृदय अशक्त असेल किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर ऑटोही तज्ज्ञाला विचारूनच.

ऑटो घेतलंत तर एक गोष्ट नक्की पाहा. मशीन ४ ते २० सेंटिमीटर (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात) अशा मोकळ्या दाबावर सोडून विक्रेता निघून जातो. भरदार अंगाच्या माणसाला ४ वर हवाच पुरत नाही, पहिल्याच रात्री गुदमरल्यासारखं होतं आणि मशीन कपाटात जातं. खालची आणि वरची मर्यादा, समजा ७ ते १३, डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तीच लावून घ्या. मशीनमध्ये रोजची नोंद साठते का, फिल्टर आणि नळी जवळपास मिळते का, तेही विचारा. जमलं तर महिनाभर भाड्याने वापरून मग विकत घ्या. हातात जे जास्तीचे पैसे असतील ते मास्कवर घाला.

चिपळूण: ओळखीतल्या एकाकडे जुनं मशीन निम्म्या किमतीत मिळतं आहे. घ्यावं का?

कोणतं आणि कुठे होतं, त्यावर आहे. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली काही जुनी सीपॅप आणि बायपॅप मशीनं परत बोलावली, कारण आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण हवेत येऊ शकत होते. उष्ण दमट हवेने आणि ओझोनच्या सफाईने हे वाढू शकतं, असं कंपनीनेच सांगितलं होतं. आपल्याकडची हवा कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. त्या काळातलं मशीन असेल तर अनुक्रमांक तपासून घ्या. नळीत काळे कण किंवा विचित्र वास आला तर विषय संपला. जुलै २०२१ च्या पुरात ज्या घरात पाणी शिरलं त्या घरातलं मशीन वरून कितीही कोरडं दिसलं तरी नको. मशीन एकूण किती तास चाललं हे त्याच्या पडद्यावर दिसतं, ते पाहा. मास्क आणि नळी मात्र नवीच घ्या, आणि आधीच्या माणसाचा दाब बदलून घेतल्याशिवाय पहिली रात्रही झोपू नका.

मालवण: मास्कमधून हवा सुटते, डोळ्यांत जाते. पट्टे घट्ट केले तर नाकाच्या हाडावर लाल वळ उठतो. मला मिशी आहे. काय करावं?

पट्टे सैल करा. हे उलटं वाटेल, पण मास्कची सिलिकॉनची उशी हवेने फुगून चेहऱ्यावर बसते. पट्टे आवळले की ती चेपते, तिची कड दुमडते आणि हवा नेमकी तिथून सुटते. मग माणूस आणखी आवळतो. वळ उठतो तो यामुळेच.

मास्क बसवायची रीत अशी. मशीन चालू करा आणि रोज ज्या कुशीवर झोपता तसे आडवे व्हा. बसून मापलेला मास्क आडवं झाल्यावर बिघडतो, कारण गालाचं मांस सरकतं. पट्टे ढिले ठेवून मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढा, उशी फुगू द्या आणि हळूच टेकवा. आता आधी खालचे पट्टे, मग वरचे, दोन्ही बाजू सारख्या ओढा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कवळी लावत असाल तर रात्री जशी काढून ठेवता तशी काढूनच माप घ्या, नाहीतर गाल आत जातात आणि सकाळच्या मापाचा मास्क रात्री सुटतो.

मिशीवर नाकपुड्यांत बसणारी छोटी मऊ नळकांडी, म्हणजे नेझल पिलो, बहुधा चांगली चालते, कारण तिची कड मिशीवर टेकत नाही. फक्त तोंड मिटून झोपता आलं पाहिजे. नाक बंद असेल, तोंडाने श्वास घ्यावा लागत असेल तर तोंडनाक झाकणारा फुल फेस मास्क. तो मोठा असतो आणि सुटायला जास्त जागा असतात, म्हणून नाक ठीक असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये असं आमचं मत आहे. मास्कच्या पुढची बारीक छिद्रं मात्र बुजवू नका. तिथून हवा सुटते ती गळती नव्हे, तुमचा उच्छ्वास बाहेर जाण्याची वाट आहे.

आता खोबरेल. रात्री डोक्याला तेल चोपडून झोपायची सवय असेल तर पट्टे घसरणार आणि सिलिकॉन लवकर चिकट होऊन फाटणार. तेल सकाळी लावा. झोपण्यापूर्वी तोंड साबणाने धुवा, मलम लावू नका. मास्कची उशी रोज सकाळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणं असतात, ती घरात कुणाला पेसमेकर असेल तर नकोत. तुम्हालाच पेसमेकर असेल तर दुकानात तसं आधी सांगा आणि बिनचुंबकाचाच मास्क मागा.

गुहागर: रात्री नळीत गुडगुड होते आणि मध्येच नाकात पाण्याचे थेंब येतात. हवेत एवढा दमटपणा असताना ह्युमिडिफायर लावावा का? त्यात विहिरीचं पाणी उकळून घातलं तर?

दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पाण्याचा मोठा आहे.

ह्युमिडिफायरच्या डबीतलं पाणी तापून हवा दमट होते, ती थंड नळीतून जाताना दव पडल्यासारखं पाणी साठतं. एसी लावून झोपणाऱ्यांना हे जास्त होतं. पंख्याचा झोत थेट नळीवर आला तरी होतं. उपाय साधे आहेत. ह्युमिडिफायर एक पायरी खाली आणा. नळीला कापडी खोळ घाला, नाहीतर गरम होणारी नळी घ्या. मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे साठलेलं पाणी नाकाकडे न येता मशीनकडे जाईल. गादी जमिनीवर घालून झोपत असाल तर मशीन पाटावर ठेवा, गादी एखादी जास्त घेऊन स्वतः उंच झोपा. थेट फरशीवर ठेवलं की धूळ आणि मुंग्या दोन्ही आत ओढल्या जातात.

पावसाळ्यात एसीशिवाय ह्युमिडिफायर १ किंवा २ वर किंवा बंद ठेवून पाहा. पण बाहेर दमट आहे म्हणून नाक कोरडं पडणार नाही, असं नाही. तोंड उघडून हवा सुटत असेल तर नाकातून सारखा झोत वाहतो आणि कितीही दमट हवा असली तरी सकाळी जीभ टाळूला चिकटते. तेव्हा वाफ वाढवून काही होणार नाही, तोंडाची गळती थांबवायला हवी.

पाणी डिस्टिल्ड वापरा. उकळल्याने जंतू मरतात, क्षार तिथेच राहतात. समुद्राजवळच्या विहिरीला खारटपणा, जांभ्यातल्या विहिरीला लोहाचा तांबूस रंग, आणि डबीच्या तळाच्या धातूच्या पत्र्यावर त्याचाच थर बसतो. थर बसला की पाणी नीट तापत नाही. मेडिकलच्या दुकानात डिस्टिल्ड पाण्याचा कॅन मागवून मिळतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी विकतात ते पाणी घालू नका, ते श्वासासाठी केलेलं नसतं. एखाद-दोन रात्री उकळून गार केलेल्या फिल्टरच्या पाण्यावर भागवलं तर बिघडत नाही, सकाळी ओतून द्या म्हणजे झालं. थर आलाच तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी डबीत दहा मिनिटं ठेवून स्वच्छ धुवा. निलगिरी तेल, कापूर, बामाचा थेंब, असलं काही त्यात टाकू नका. छातीला त्रास होतो आणि डबीही खराब होते.

रोज सकाळी उरलेलं पाणी ओता, डबी उघडी ठेवून वाळवा. जुलैत कपडेच वाळत नाहीत, तर मास्कचे पट्टे कसे वाळणार? दमट पट्ट्याला वास येतो आणि गालावर पुरळ उठतं. दुसरा जोड घ्या आणि एकाआड एक वापरा. धुतलेली नळी कपड्यांच्या दांडीवर दोन्ही टोकं खाली करून टांगा. मच्छरदाणी असेल तर मशीन दाणीच्या आत घ्या. नळी बाहेरून आत आणली की मच्छर त्याच वाटेने येतात. कॉइल आणि उदबत्ती मशीनच्या शेजारी लावू नका, धूर थेट फिल्टरात जातो. फिल्टर दर महिन्याला पाहा. करडा पडला की बदला. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा लावायचा नसतो.

वेंगुर्ला: पावसात रात्रभर वीज जाते. मास्क तोंडावर असताना वीज गेली तर गुदमरेन का? इन्व्हर्टरवर चालेल का?

गुदमरणार नाही. फुल फेस मास्कला यासाठीच झडप असते, दाब गेला की ती उघडून बाहेरची हवा आत येते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. पण घोरणं आणि श्वास थांबणं परत सुरू होतं, म्हणून मास्क काढून कुशीवर झोपा.

इन्व्हर्टरचा हिशोब करू. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तास बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास, हाती येतात फार तर १२००. पंखा ७० वॉट, ह्युमिडिफायरसकट मशीन ५० वॉट धरलं तर दहा तास. बॅटरी चार वर्षांची असेल तर निम्मे समजा. ह्युमिडिफायर बंद केला की मशीन १० ते १५ वॉटवर येतं, म्हणून वीज गेली की सर्वात आधी तोच बंद करा. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा, चौकोनी वेव्हवर अडॅप्टर गुणगुणतो आणि तापतो. घराचं अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, विजांच्या दिवसांत ते लागतं. वीज आल्यावर काही मशीनं आपोआप चालू होत नाहीत. तुमचं होतं का ते दिवसा स्विच बंदचालू करून पाहून ठेवा.

अलिबाग: सकाळी पोट गच्च आणि ढेकर.

हवा श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत जाते. दाब जास्त असेल किंवा तोंडात गळती असेल तर होतं. डाव्या कुशीवर झोपा, डोकं थोडं उंच घ्या, रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आटपा. श्वास सोडताना दाब कमी करणारी सोय मशीनमध्ये असेल तर ती डॉक्टरांकडून लावून घ्या. कमाल दाब कमी करायचा तोही त्यांनीच.

दापोली: आमचे हे दोन वाजता मास्क काढून टाकतात. पंधरा दिवस झाले, आता म्हणतात नकोच ते.

पंधरा दिवसांत ठरवू नका. आधी काढतात कशामुळे ते शोधा. नाक चोंदतं म्हणून, हवा फुसफुसते म्हणून, की मुळात झोपेत हात जातो? त्यांना विचारून उपयोग नाही, झोपेतलं आठवत नाही. मशीनची नोंद बघा. त्यात वापराचे तास, गळती आणि उरलेला एएचआय मिळतो. गळती मोठी तर मास्क. एएचआय ५ च्या खाली आला नसेल तर दाब. दोन्ही ठीक आणि तास कमी, तर सवय.

सवयीसाठी संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावायला सांगा, नळी न जोडता. दोन-तीन दिवसांनी नळी जोडून, मशीन चालू करून. मग दुपारची वामकुक्षी मास्क लावून. रॅम्प ही सोय लावा, दाब हळूहळू चढतो आणि तोवर डोळा लागतो. दोन वाजता काढला तर पहाटे परत लावायचा, उजाडेपर्यंत वाट बघायची नाही, कारण पहाटेच्या झोपेत श्वास जास्त थांबतो. निदान चार तास रोज, हे पहिलं लक्ष्य ठेवा. झोपेची गोळी किंवा दारू घेऊन सवय लावायचा प्रयत्न करू नका. दोन्हीने घसा आणखी सैल पडतो.

आणि गाडी तेच चालवत असतील, कशेडी घाटातून मुंबईला जाणं-येणं असेल, तर महामार्गावर पेंग येते का हे त्यांनाच विचारा. येत असेल तर मशीन सुरळीत होईपर्यंत गाडी दुसऱ्याने चालवावी.

सावंतवाडी: कोकणकन्येने रात्रीचा प्रवास आहे. मशीन न्यावं का?

न्या, पण डब्यातलं सॉकेट मोबाइलसाठी असतं, त्यावर भरवसा ठेवू नका. मशीनच्या व्होल्टला जुळणारी छोटी बॅटरी घ्या. ह्युमिडिफायरशिवाय शंभर ते दीडशे वॉट-तासांत एक रात्र जाते. खालची बर्थ घ्या आणि मशीन सीटखाली न ठेवता उशाशी ठेवा. घरातून निघताना डबी रिकामी करून कोरडी पुसा. पाणी भरून बॅगेत टाकलेलं मशीन आडवं झालं की पाणी मोटरीत शिरतं, आणि ते मशीन मग दुरुस्तीला पाठवूनच परत येतं.