पेढे वाटून झाले, ऑर्डर कुठाय?

*ताई, मी 28 वर्षांची, करमाळा तालुक्यातली. बी.ई. झाल्यावर चार वर्षं पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला. जिल्हा परिषदेच्या कनिष्ठ सहाय्यक पदाच्या प्रतीक्षा यादीत माझा चौथा नंबर आहे. यादी लागली त्या दिवशी बाबांनी गावात पेढे वाटले. आता चाकणच्या एका कंपनीत परचेसमध्ये नोकरी मिळतेय, पगार 35 हजार, 1 तारखेला हजर व्हायचंय. बाबा म्हणतात, "चार जण गळाले की तुझी नेमणुकीची ऑर्डर आलीच, थांब." काय करू?*

अगं, जा चाकणला.

बाबांचं अगदीच चुकतंय असं नाही. तलाठी, ग्रामसेवक, कनिष्ठ सहाय्यक अशा दोन-तीन याद्यांत तीच ती हुशार मुलं असतात. एकीकडे रुजू झाली की दुसरीकडची जागा सुटते आणि प्रतीक्षा यादी पुढे सरकते. पण ती सरकते तुझ्या प्रवर्गात, आणि यादीची मुदत आहे तोवरच. जाहिरातीची पीडीएफ काढ आणि ही मुदत शोध. बहुतेक जण पदसंख्या आणि वयाची अट वाचून पीडीएफ बंद करतात. आणि यादीत नाव आलं म्हणजे नोकरीवर हक्क लागला, असं होत नाही. शंकरसन दाश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलंय, की निवड यादीत नाव असलं तरी नेमणुकीचा पक्का हक्क मिळत नाही. तू तर प्रतीक्षा यादीत आहेस.

माझ्या थोरल्या भावाने अशीच ऑर्डरची वाट पाहिली. आली, पण सव्वा वर्षाने. तोवर पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की आई हातातली लाटणी टाकून दारात यायची, आणि भाऊ दुपारी झोपायला शिकला. ती सवय ऑफिसातही गेली नाही म्हणतात.

आता त्या 35 हजारांचं. 4 लाख 20 हजारांचं पॅकेज 12 ने भागून तू हा आकडा काढलायस ना? मग तेवढे हातात येणार नाहीत. पॅकेजमध्ये कंपनीने भरायचा पीएफ धरलेला असतो, ग्रॅच्युइटी असते, काही ठिकाणी बसचे पैसेसुद्धा. एचआरकडून पगाराची फोड लेखी माग. हातात किती पडतात ते बघ आणि मगच भोसरीत खोली शोध. कनिष्ठ सहाय्यकाचं मूळ वेतन 19,900 पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडे. म्हणजे सुरुवातीला दोन्हीकडे फार फरक नाही. आणि घरात "पेन्शन, पेन्शन" चाललं असेल तर बाबांना सांग, 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे लागलेल्यांना जुनी पेन्शन सरसकट नाही. शेजारच्या निवृत्त गुरुजींकडे बघून हिशेब करू नका.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी दोन गोष्टी नीट बघ. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा करार आहे का, आणि प्रोबेशनमध्ये सोडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस. महिन्याची असेल तर चालेल, तीन महिन्यांची असेल तर आत्ताच बोलून घे. ऑर्डरमध्ये रुजू होण्याची मुदत दिलेली असते, ती कंपनीच्या सोयीने ठरत नाही. आणि मूळ सर्टिफिकेटं कंपनीत ठेवून यायची नाहीत. मूळ प्रती दाखव, झेरॉक्स दे. उद्या कागदपत्र पडताळणीचा निरोप आला आणि तुझी डिग्री चाकणच्या कपाटात असली, तर काय करशील?

परीक्षा द्यायच्याच असतील तर दे. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38 आहे, दहा वर्षं आहेत तुझ्याकडे. फक्त कंपनीच्या बसमध्ये पुस्तक उघडलं तर शेवटच्या सीटवर बसू नकोस, तिथे सगळे झोपतात.

पेढ्यांचं ओझं मात्र तुझ्या डोक्यावर नको. लोक विचारतील या भीतीनेच बाबा "थांब" म्हणताहेत, असं मला वाटतं. त्यांना एक काम दे. महिन्यातून एकदा, सोमवारी, अकरानंतर जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागात जायचं आणि यादी कितीपर्यंत आली ते विचारायचं. ते हौसेने जातील. तू 1 तारखेला हजर हो.