बैकालमध्ये संशोधनासाठी डायव्हिंग: खोलीचं सोडा, थंडीची तयारी करा

तारकर्लीला ओपन वॉटर हा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स झालाय, एमएस्सी प्राणिशास्त्र चालू आहे आणि सायबेरियातल्या बैकाल सरोवराच्या १६४२ मीटर खोल तळाचा अभ्यास करायचाय, तर पुढचा कोर्स कोणता, असं तुम्ही विचारलंय.

त्या तळापर्यंत कुठलाच कोर्स नेणार नाही. साध्या हवेवर काम करणारे संशोधक ३०-४० मीटरच्या आतच थांबतात. त्याखाली नायट्रोजनची गुंगी चढते आणि मोजमापं बिघडतात. खालचं काम यंत्रांचं. २००८ ते २०१० मध्ये रशियाच्या ‘मीर-१’ आणि ‘मीर-२’ या छोट्या पाणबुड्या तिथे उतरल्या होत्या.

पण हिरमुसू नका. बैकालचं आजचं खरं दुखणं उथळ पट्ट्यातच आहे. ल्युबोमिर्स्किया हा तिथला फांद्या फुटलेला स्पंज. त्याच्या अंगात शेवाळ राहतं, म्हणून तो हिरवागार दिसतो. गेल्या दशकापासून त्याचा रंग उडतोय, तो मरतोय, आणि किनाऱ्यालगत स्पायरोगायरा हे धाग्यांसारखं शेवाळ माजलंय. हे नोंदवायला माणूसच लागतो: खडकावर चौकट ठेवायची, फोटो घ्यायचा, रोगट फांद्या मोजायच्या, पुढच्या वर्षी नेमक्या त्याच जागी परत यायचं. पायातल्या फिनचा (पोहण्याच्या वल्ह्याचा) एक फटका बसला तर स्पंज मोडतो, गाळ उठून फोटोही वाया जातो. म्हणून पाण्यात स्थिर राहणं आधी घोटून घ्या.

खरा धोका थंडीचा. हिवाळ्यात वर मीटरभर बर्फ आणि खाली शून्याजवळचं पाणी. टाकीतली हवा रेग्युलेटरमध्ये, म्हणजे तिचा दाब उतरवून श्वासाला देणाऱ्या यंत्रात, प्रसरण पावताना आणखी गार होते, त्याच्या टाकीला जोडलेल्या भागाभोवतीचं (फर्स्ट स्टेज) पाणी गोठतं, झडप उघडीच अडकते आणि हवा भसाभस वाहून जाते. समुद्राचं पाणी उणे दोनच्या आसपास गोठतं, गोडं शून्यालाच. त्यामुळे तलावात हे लवकर होतं. उपाय ठरलेले आहेत: टाकीला दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह, दोन्हींवर थंड पाण्यासाठी सील केलेले वेगळे रेग्युलेटर, आणि पाण्याबाहेर त्यातून श्वास घ्यायचा नाही. बर्फाखाली कमरेला दोर हवाच, दोर धरणारा माणूस आणि तयार बसलेला दुसरा डायव्हरही. शिवाय तलाव समुद्रसपाटीपासून ४५६ मीटरवर आहे, म्हणजे डीकम्प्रेशनचे तक्ते (किती वेळ खाली राहायचं आणि किती सावकाश वर यायचं ते सांगणारे) उंचीप्रमाणे बदलतात.

तेव्हा आधी ड्राय सूटचा (अंग कोरडं ठेवणाऱ्या पोशाखाचा) कोर्स, मग आइस डायव्हिंगचा. इर्कुत्स्कच्या लिम्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटला (सरोवरांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला) लिहाल तेव्हा किती डाइव्ह झाले यापेक्षा तुमचा प्रश्न काय आहे ते आधी मांडा. चौकटीचा सराव मालवणलाही होईल, फक्त फोटोवर भागवा. तिथे सागरी अभयारण्य आहे, परवानगीशिवाय काही उचलू नका.