वाचक विचारतात : बेस गिटारचा पिकअप घरी भरताना

प्रश्न (खानापूर) : जॅझ बेस गिटारसाठी पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारी चुंबकावरची कॉइल) घरीच भरतोय. ‘42 नंबरची तार, 9,000 वेढे’ असं वाचून बेळगावातून 42 नंबर आणला. साडेतीन हजार वेढ्यांतच बॉबिन (तार गुंडाळायचा साचा) काठोकाठ भरली. मीटर 1.1 किलोओहम दाखवतो, आवाज मेलेला. चुंबक कमजोर असतील का?

उत्तर : चुंबकांना बोल लावू नका, घोळ नंबरात आहे. तुम्ही वाचलेला 42 अमेरिकन गेजचा, म्हणजे 0.063 मिमी. आपल्याकडे मोटारी भरणारे नंबर सांगतात तो एसडब्ल्यूजीचा, म्हणजे ब्रिटिश गेजचा, आणि त्यात 42 म्हणजे 0.102 मिमी. तार दीडपटीहून जाड, जागा अडीचपट खाते, मग वेढे बसणार कुठून? आणि वेढे कमी तर आवाजही कमी.

दुकानात नंबर नको, मिमीच सांगा : 0.06 ते 0.063. एसडब्ल्यूजीत जवळचा नंबर 46. एका पिकअपला 35-40 ग्रॅम पुरते. बोअरच्या मोटारी भरणाऱ्याकडे इतकी बारीक तार बहुधा नसते. रिले किंवा लहान ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल भरणाऱ्याला विचारा. शंका असेल तर बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या लेथवाल्याकडे मायक्रोमीटर लावून बघा, इनॅमलसकट (तारेवरचा इन्सुलेशनचा लेप) 0.07 च्या आसपास यायला हवं. 9,000 वेढ्यांना मीटरवर साडेसात-आठ किलोओहम दिसतील.

भरण्याआधी चुंबकांभोवती पातळ टेपचा एक थर द्या, नाहीतर इनॅमल खरचटून वेढे शॉर्ट होतात. तारेचं रीळ जमिनीवर उभं ठेवा आणि तार वरून सुटू द्या. रीळ फिरवत ठेवलं की झटका बसून ती तुटतेच. वेढे मोजायला जुना कॅल्क्युलेटर झकास : ‘=’ च्या बटणाला रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा) जोडा, बॉबिन फिरवणाऱ्या चकतीवर छोटं चुंबक चिकटवा, ‘1+1’ दाबून सुरू करा. फार जोरात फिरवलं तर तो आकडे गाळतो. टोकं डागण्याआधी बारीक पॉलिश पेपरने इनॅमल काढा. मोटारीच्या तारेचं इनॅमल नुसत्या डागणीने जळत नाही.

प्रश्न (निपाणी) : व्हॉल्यूम वाढवला की शिट्टी येते, पिकअपवर टिचकी मारली तर स्पीकरमध्ये ठक्क वाजतं. वरून फेविक्विक ओतू का?

उत्तर : अजिबात नको. ते आतपर्यंत जात नाही, आणि पुढे तार तुटली तर कॉइल उलगडता येत नाही. सैल वेढे हलतात म्हणून शिट्टी येते. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाश्यांचं मेण, पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या डब्यात वितळवा. थेट आचेवर कधीच नाही, मेण पेट घेतं. 65 अंशांवर पिकअप बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण वीस मिनिटं ठेवा. जास्त तापलं की प्लास्टिकची बॉबिन वाकते. पावसाळ्यातल्या ओलीपासून तारेलाही आडोसा मिळतो.

प्रश्न (चिकोडी) : दोन्ही पिकअप फुल केले तरी 50 हर्ट्झची गुणगुण जात नाही.

उत्तर : दोनपैकी एका पिकअपचे वेढे उलट्या दिशेने भरा आणि त्याचे चुंबकही उलटे बसवा. वेढे किंवा चुंबक यांतलं एकच उलटं केलंत तर दोन्ही मिळून बेस पोकळ वाजेल.