नोकरी आणि घर सांभाळून दर आठवड्याला पाळता येतील अशा साध्या ख्रिस्ती आध्यात्मिक सवयी कोणत्या?

प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय, 'घरातल्या सगळ्यांना मिळून पाळता येईल असं आठवड्याचं वेळापत्रक हवं आहे.' उत्तर द्यायचं नव्हतं, पण 'वेळापत्रक' हा शब्द वाचला आणि हात थांबेना.

आमच्या घरात असं एक वेळापत्रक अकरा वर्षं भिंतीवर होतं. माझ्या मोठ्या दिरांनी पुठ्ठ्यावर स्वतः लिहिलेलं. सोमवारी स्तोत्र, बुधवारी उपास, शुक्रवारी संध्याकाळी घरी प्रार्थनासभा, शनिवारी आत्मपरीक्षण, रविवारी उपासना आणि विसावा. 'विसावा'खाली लाल शाईच्या दोन रेघा. अक्षर सुंदर होतं, ते मान्य करते.

त्यात एकच रकाना नव्हता, हे सगळं कुणाच्या जिवावर चालणार त्याचा.

बुधवारी घरातल्या सहाही जणांचा उपास असायचा. संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र उपास सोडायचा, म्हणजे त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त रांधायचं, तेही उपाशीपोटी. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात, ५८ व्या अध्यायात, देव नेमकं हेच विचारतो, की तुम्ही उपास करता आणि त्याच दिवशी आपल्या कामकऱ्यांना राबवून घेता, याला मी उपास म्हणू का? एवढ्या वर्षांत हा अध्याय आमच्याकडे एकाही बुधवारी वाचला गेला नाही.

शुक्रवारी वीस-बावीस माणसं यायची. मी भिंतीपलीकडे. नळाच्या आवाजात अर्धी वचनं वाहून जायची, 'आमेन' तेवढं स्पष्ट ऐकू यायचं, कारण तो मला ताटं बाहेर आणण्याचा इशारा होता.

एका शुक्रवारी वाचन होतं लूकच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय, मार्था आणि मरीया या दोन बहिणींची गोष्ट. मरीया येशूच्या पायाशी बसून ऐकते, मार्थाची कामात तारांबळ उडते, ती तक्रार करते आणि येशू मरीयेच्या बाजूने बोलतो. दादांनी (मी दिरांना दादाच म्हणते) छान समजावलं असणार, मला निम्मंच ऐकू आलं. मी हातात ताटं घेऊन दारात आले तेव्हा ते म्हणाले, "आणि ही बघा, आमच्या घरची मार्था!" सगळे हसले. आमचे हेही हसले. मीही हसले, आणि आजही सगळ्यात जास्त तेच सलतं.

त्या रात्री भांडी आवरून झाल्यावर शास्त्र उघडलं. लूक नाही, योहानाचं शुभवर्तमान. मार्थाचं पुढं काय झालं ते बघायचं होतं. ११ व्या अध्यायात भाऊ लाजर मेलेला असताना ही बाई येशूच्या तोंडावर सांगते की तू देवाचा पुत्र, ख्रिस्त आहेस. मत्तयाच्या शुभवर्तमानात, १६ व्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र जवळजवळ हेच बोलतो आणि त्याच्यावर आजवर हजारो उपदेश झाले. मार्थाच्या वाट्याला मात्र कायम स्वयंपाकघर. पुढे योहानाच्याच १२ व्या अध्यायात, वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी, त्यांच्याच गावात जेवण आहे आणि मार्था वाढते आहे. तेव्हा तिला कुणी काही बोलत नाही. येशूही नाही. म्हणजे वाढण्यात खोट कधीच नव्हती.

पुढच्या शुक्रवारी मी काहीच केलं नाही. सभा सुरू झाल्यावर पुढच्या रांगेत जाऊन बसले. पहिल्यांदाच सगळी गीतं शेवटच्या कडव्यापर्यंत गायले. शेवटचं 'आमेन' झालं आणि वीस माथी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. दादांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दादा, आज मरीया व्हायचं ठरवलंय." कुणीतरी खोकलं. एरवी तासभर रेंगाळणारी मंडळी दहा मिनिटांत चपला घालून निघाली. जाता जाता एक म्हाताऱ्या बाई माझा दंड दाबून हळूच म्हणाल्या, "मला हे सत्तरीपर्यंत जमलं नाही गं."

दोन महिने दादा माझ्याशी थेट बोलले नाहीत, 'तिला सांगा' एवढंच. मग एका रविवारी वाद झाला. ते म्हणाले, विसावा ही आज्ञा आहे, आपण ती पाळतो. मी बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा ५ वा अध्याय काढला. शब्बाथ, म्हणजे विसाव्याच्या दिवशी कुणी काम करायचं नाही याची तिथे अख्खी यादी आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारचा उपरा. आणि कारणही दिलंय, तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा म्हणून. "यात गाढव आहे दादा, बायको नाही," मी म्हटलं. ते म्हणाले, "'तू' म्हटल्यावर बायको आलीच." अर्थ लावणारे असं म्हणतात खरं, बरोबरही असेल. पण मग 'तू' दुपारी आडवा झाला की तीही आडवी व्हायला हवी ना? यावर उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यापासून प्रार्थनासभा धाकट्या दिरांच्या घरी हलली.

आता तुमचा प्रश्न.

आठवड्याला एक स्तोत्र घ्या. एकच. पूर्ण स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधली सगळी दीडशे स्तोत्रं, आठवड्यात वाचायचा सल्ला देणारे भेटतील. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठासाठी तसा नियम घातला होता, पण तो मठासाठी होता, तिथे दिवसातून अनेकदा प्रार्थनेला जमत. नोकरीवरून दमून आलेल्या माणसाला दीडशे स्तोत्रं म्हणजे ओझं. एक स्तोत्र कागदावर लिहून जिथे तुमचे हात रोज कामात असतात तिथे चिकटवा. ११७ वं दोनच ओव्यांचं आहे, तेही आठवडाभर पुरतं.

उपास करायचा तर वार कुठलाही घ्या. 'दिदाखे' नावाचं ख्रिस्ती मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं शिकवणीचं पुस्तक आहे, त्यात लिहिलंय की ढोंगी लोक सोमवारी-गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी-शुक्रवारी करा. मला वाचून हसू आलं, माणसाला नेहमी वाराचंच पडलेलं असतं. माझी अट एकच: उपास सोडण्यासाठी दुसऱ्या कुणाला राबावं लागत असेल तर तो उपास तुमचा नाही, तिचा आहे.

दान आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवा. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात तसंच सांगितलंय, आणि महिनाअखेरीला उरलं तर देऊ म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही. यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

रविवारी उपासनेनंतर, जो आला नाही त्याच्याकडे जा. ही नवी कल्पना नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय: वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, आणि मग जे हजर नव्हते त्यांचा वाटा सेवक त्यांच्यापर्यंत पोहोचवत. कोण आलं नाही, हे तेव्हा कुणाच्या तरी लक्षात असायचं. आमच्याकडे भिंतीपलीकडची बाई हजर धरायची की गैरहजर, हे अकरा वर्षं ठरलंच नाही.

आणि तुमचं वेळापत्रक होणारच असेल तर घरात सगळ्यात शेवटी जेवायला बसणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या. बाकीच्यांनी फक्त खाली सही करायची.

दोन गोष्टी राहिल्या. मधुमेह असेल, दिवस गेलेले असतील किंवा रोजची औषधं चालू असतील तर उपासाचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, एखादी आवडती सवय आठवडाभर सोडा, तोही उपासच. आणि घरच्या प्रार्थनासभांना माझा विरोध आहे असं समजू नका. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा याच शुक्रवारच्या माणसांनी आम्हाला सावरलं. दादांची प्रार्थनाही मनापासूनची असते, हे मला भिंतीपलीकडूनसुद्धा कळायचं.

शनिवारच्या आत्मपरीक्षणाबद्दल मात्र माझा सल्ला घेऊ नका. त्याच दिदाखेत म्हटलंय की ज्याचं कुणाशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत प्रभूच्या दिवशी, म्हणजे रविवारी, तुमच्यात सामील होऊ नये. दादा आणि मी दोघंही प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेतो. समेट झाला असं मला म्हणता येणार नाही, भांडण चालू आहे असंही नाही. जेवढ्यास तेवढं बोलतो.

धाकट्या दिरांच्या स्वयंपाकघरात आता माझी जाऊ असते. म्हणून शुक्रवारी मी तासभर आधी जाते. ती घासते, मी पुसते. नळाच्या वर त्या आठवड्याचं स्तोत्र चिकटवलेलं असतं, एक ओवी ती म्हणते, एक मी. ११९ व्या स्तोत्राला १७६ ओव्या आहेत, आठ-आठ ओव्यांचे बावीस भाग, त्याला आम्ही बावीस आठवडे दिले. मध्यंतरी १२३ वं चालू होतं, ज्यात दासीचे डोळे मालकिणीच्या हाताकडे लागलेले असतात. जावेने ती ओवी म्हटली आणि तेवढ्यात दादा पाणी प्यायला आत आले. आम्ही थांबलो नाही. तेही स्तोत्र संपेपर्यंत उभे राहिले. मग पाणी प्यायले, पेला इतर भांड्यांत ठेवला आणि बाहेर गेले. विसळला नाही.