डोकेदुखी : पित्त, सायनस की आणखी काही?

प्रश्न (गुहागर) : वय ३४. महिन्यातून चार-पाच वेळा डोक्याची डावी बाजू ठणकते, मळमळतं, उजेड सहन होत नाही. उलटी झाली की हलकं वाटतं. घरचे म्हणतात पित्त आहे. हरतालिकेच्या उपासाला तर हमखास दुखतं. पित्ताची औषधं झाली, फरक नाही.

उत्तर : ताई, ही अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन वाटते. उलटीमुळे डोकं दुखत नाही. उलटी हा त्याच दुखण्याचा भाग आहे. उलटीनंतर पुष्कळांना उतार पडतो, म्हणून सगळा दोष पित्तावर जातो आणि खरा उपचार वर्षानुवर्षं राहतो. याचं मला वाईट वाटतं. बायकांमध्ये मायग्रेन पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो, आणि त्याच बायका ‘पित्त झालंय’ म्हणत, डोक्याला फडकं बांधून स्वयंपाक उरकत असतात.

उपचार न केल्यास दुखणं ४ ते ७२ तास टिकतं. या वेळी जठराचं काम मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते. म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेली वेदनाशामक गोळी दुखणं सुरू होतानाच घ्यायची, गरज असेल तर उलटीच्या गोळीसोबत. त्याने भागलं नाही तर खास मायग्रेनसाठी ट्रिप्टान गटातली औषधं आहेत. हृदयविकार असेल तर ती चालत नाहीत. महिन्यात चार-पाच वेळा दुखत असेल तर ते मुळात येऊ नये म्हणून काही महिने रोज घ्यायच्या औषधाचा विचार करायला हवा. दमा असेल तर ते आधी सांगा, कारण त्यातलं प्रोप्रॅनोलॉल दम्यात देत नाहीत.

उपास सोडा असं मी म्हणणार नाही, पण निर्जळी करू नका. शहाळं, दूध, फळं ठरावीक वेळी घ्या. उपाशी राहणं आणि अपुरी झोप, दोन्हींनी मायग्रेन चाळवतो, आणि हरतालिकेला लागूनच गणपतीची जागरणं येतात. कपाळाला सुंठ उगाळून लावायला हरकत नाही, त्वचा तेवढी भाजू देऊ नका.

आणखी एक. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसत असतील आणि तुम्ही इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. या दोन गोष्टी एकत्र आल्या की पक्षाघाताचा धोका वाढतो.

प्रश्न (हर्णै) : होडीवर असतो. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखायचं, म्हणून दुकानातून गोळी घ्यायचो. आता वर्षभर रोज दोन लागतात, तरी सकाळी डोकं जड असतं.

उत्तर : सुरुवातीची तुमची डोकेदुखी ताणाची होती : दोन्ही बाजूंनी, आवळल्यासारखी, ठणका नाही. आताची बहुधा गोळ्यांनीच धरून ठेवली आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या (एकाच गोळीत एकाहून जास्त औषधं असलेल्या) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की डोकं त्यांनाच सरावतं. उपाय गोळी थांबवण्याचा आहे. पहिले काही दिवस दुखणं वाढेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. डॉक्टर त्या काळात वेगळं औषध देऊ शकतात. इतक्या दिवसांच्या गोळ्यांनंतर मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या.

प्रश्न (कुडाळ) : भाताच्या लावणीनंतर आठवड्याने भावाला ताप आला, डोकं फुटेल असं दुखतंय, पोटऱ्या हात लावू देत नाहीत. अंगावर काढतोय.

उत्तर : आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि ‘चिखलात काम केलं’ हे स्वतःहून सांगा. पावसाळ्यात कोकणात ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांचं दुखणं आणि लाल डोळे एकत्र आले की लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यायलाच हवी. उंदीर-गुरांच्या मूत्रातले जंतू शेतातल्या पाण्यातून, पायाच्या चिरांमधून शरीरात शिरतात. वेळेत दिलेल्या प्रतिजैविकाने माणूस बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत अडचणीत येतं. लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर तासभरही थांबू नका. तापावर पॅरासिटामोल द्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन नको. हेच चित्र डेंग्यूचंही असू शकतं, आणि त्यात या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

दोडामार्ग भागातल्या वाचकांसाठी : जानेवारी ते मे या काळात काजूच्या बागेत किंवा जंगलात जाऊन आल्यावर असा ताप आला तर माकडतापाचाही विचार हवा. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात त्याची साथ आली होती. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. परिसरात माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा.

प्रश्न (चिपळूण) : सायनसची डोकेदुखी कशी ओळखायची?

उत्तर : नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव, वास न येणं, ताप, गालावर दाबलं की दुखणं. हे काहीच नसेल आणि दुखणं वारंवार येत-जात असेल, तर बहुतेकदा ते मायग्रेनच असतं. त्यातही नाक वाहतं, म्हणून फसायला होतं.

प्रश्न (रत्नागिरी) : वडील ६८ वर्षांचे. आयुष्यात कधी डोकं दुखलं नाही. महिनाभर कानशिलं दुखतात, कंगवा लागला तरी दुखतं, चावताना जबडा भरून येतो.

उत्तर : पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी तपासल्याशिवाय सोडायची नाही. कानशिलाच्या रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा एक आजार आहे, आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं त्याच्याशी जुळतात. उपचार लांबला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. उद्याची वाट न पाहता फिजिशियनकडे न्या, ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करून घ्या. शंका दाट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात. नावाला घाबरून नकार देऊ नका. दोन-दोन दिसणं, डोळ्यांपुढे क्षणभर अंधार येणं, एकाएकी असह्य डोकेदुखी, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं, यांपैकी काहीही झालं तर थेट १०८ ला फोन करा.