कोथरूडच्या सोसायटीत शेजाऱ्यांशी बोलणं होतं ते फक्त पार्किंग आणि टँकरबद्दल. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांच्या मते हा संवाद आहे का?

हो, आहे, पण बूबर ज्याला खरा संवाद म्हणतात तो नव्हे. संवादावरच्या निबंधात ते बोलण्याचे तीन प्रकार करतात:

१. समोरच्याला तो जसा आहे तसा मनापासून सामोरं जाणं, म्हणजे खरा संवाद. यात शब्द असलेच पाहिजेत असंही नाही.
२. काम व्हावं, माहिती कळावी एवढ्यापुरतं बोलणं.
३. संवादाचा वेश घेतलेलं स्वगत.

तुमचं टँकरचं बोलणं दुसऱ्या प्रकारातलं आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. काळजी वाटावी ती तिसऱ्याची. सोसायटीच्या सभेत एक जण बोलत असताना दुसरा स्वतःचं पुढचं वाक्य जुळवत बसलेला असतो. आवाज दोन, पण ऐकणारा कुणीच नाही! घरातही हे सर्रास घडतं, आणि मला ते सभेपेक्षा जास्त गंभीर वाटतं.

एक मात्र लक्षात घ्या. 1923च्या ‘मी आणि तू’ या पुस्तकात बूबर यांनीच सांगितलंय की ‘मी-तू’ नातं, म्हणजे समोरच्याला असं मनापासून सामोरं जाणं, सतत टिकत नाही. प्रत्येक ‘तू’ कधी ना कधी ‘ते’ होतो, म्हणजे आपल्या वापराची किंवा निरीक्षणाची वस्तू बनतो, आणि त्याशिवाय माणसाचं जगणं चालत नाही. त्यामुळे प्रत्येक शेजाऱ्याशी रोज खोल बोलणं झालंच पाहिजे, अशी अपेक्षा बूबर यांच्या नावावर खपवू नये. अशी ‘मी-तू’ भेट ठरवून घडवताही येत नाही. टँकरची वाट पाहत गेटपाशी उभं असतानाही ती होऊ शकते.